पत्र्याचा घाम: दमट हवेतील उष्णतारोधन

घरावर पत्रा

पन्हळी पत्र्याचे पहिले पेटंट हेन्री रॉबिन्सन पामर या इंग्रज अभियंत्याने १८२९ साली घेतले. ते लंडनच्या गोदीत काम करत होते. १८३७ साली फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले आणि हलके, टिकाऊ छप्पर जगभर पोहोचले. कोकणात छपरावर आधी गवत आणि झाप होते. नंतर मंगळुरी कौल आले. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तेच हे कौल. आता त्याची जागा पत्रा घेत आहे आणि त्यामागे व्यवहाराची कारणे आहेत. माकडे कौले फोडतात, दरवर्षी कौले परतायला माणसे मिळत नाहीत आणि वाशा-रिपांचे लाकूड परवडत नाही. त्यात ३ जून २०२०चे निसर्ग आणि मे २०२१चे तौक्ते अशी दोन वादळे लागोपाठच्या वर्षी किनाऱ्यावर येऊन गेली.

या बदलात एक गोष्ट हातची गेली. कौलांच्या छपराला हजार फटी असतात. त्यांतून चुलीचा धूर जातो, गरम हवा जाते, वाफही जाते. शिवाय भाजलेली माती थोडे पाणी शोषून घेते आणि उन्हात सोडून देते. पत्रा पाणी शोषत नाही आणि त्यातून हवाही जात नाही. जे काम छप्पर आपोआप करत होते, ते आता योजून करावे लागते. उष्णतारोधन हा त्या कामाचा एक भाग आहे. दमट हवेत त्याहून मोठा भाग वाफेचा आहे आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

पत्रा तापतो कसा

उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन मार्गांनी प्रवास करते. पत्रा वहनाला जवळजवळ अडथळाच करत नाही. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला चार किलोच्या आत असते. भर दुपारी एवढ्याच जागेवर सुमारे १००० वॅट ऊन पडते. त्यातले निम्मे जरी शोषले गेले, तरी सुरुवातीला दर चार सेकंदांना पत्र्याचे तापमान एका अंशाने चढते. काही मिनिटांत तो साठी ओलांडतो. ढग आला की तितक्याच वेगाने उतरतो.

पत्र्याखाली बसलेल्याला जो ताप जाणवतो, तो मुख्यतः प्रारणाचा असतो. गरम हवा हलकी होऊन वर पत्र्याला टेकून राहते, ती खाली येत नाही. तापलेला पत्रा मात्र अवरक्त किरणांनी थेट डोक्यावर उष्णता टाकतो. पत्रा ६५ अंशांवर आणि त्याखालचे पृष्ठभाग ३५ अंशांवर असतील, तर हा ओघ चौरस मीटरला सव्वादोनशे वॅटांपर्यंत जातो. पंखा लावूनही पत्र्याच्या खोलीत बरे वाटत नाही, कारण पंखा हवा हलवतो आणि किरणांना वारा अडवत नाही.

दवबिंदू

हवेत मावणाऱ्या वाफेला मर्यादा असते आणि ती तापमानाबरोबर वाढते. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांच्या हवेत सुमारे १७ ग्रॅम. हवा थंड होत गेली की एका तापमानाला तिच्यातली वाफ काठोकाठ होते. त्याला दवबिंदू म्हणतात. त्याहून थंड पृष्ठभाग समोर आला की त्यावर पाणी धरते. कोरड्या प्रदेशात हवा आणि दवबिंदू यांच्यात पंधरा-वीस अंशांचे अंतर असते, त्यामुळे पत्रा थोडा गार झाला तरी काही बिघडत नाही. किनाऱ्यावर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ अंशांवर येतो. अंतर उरते जेमतेम चार अंशांचे. दमट हवेतल्या सगळ्या अडचणींचे मूळ या चार अंशांत आहे.

पहाटेचा गोठा

जानेवारीत निरभ्र रात्री पत्रा मोकळ्या आकाशाकडे उष्णता फेकत राहतो. त्याच्यात साठवण जवळजवळ नसल्याने तो भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होतो. पहाटे गोठ्यात दिवा धरला, तर पत्र्याची खालची बाजू आधी धुरकट दिसते आणि मग टपोऱ्या थेंबांनी भरलेली. थेंब लगेच पडत नाहीत. ते पन्हळीतून उतारावरून घसरतात आणि पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या पर्लिनला अडले की तिथून गळतात. म्हणून सकाळी जमिनीवर ओलीचे समांतर पट्टे दिसतात, बरोबर पर्लिनच्या अंतरावर. असे पट्टे दिसले तर ती गळती नव्हे. भोक बुजवायला छपरावर चढण्याची गरज नसते. भोकाचे पाणी एकाच जागी ठिबकते, दवाचे पाणी ओळीत ठिबकते.

हे पाणी किती असते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. दवाचा थर मिलिमीटरच्या एक दशांश धरला, तरी शंभर चौरस मीटरच्या छपराला ते दहा लिटर होते. कच्छमधील कोठारा येथे पत्र्याच्या छपरांवर पडणारे दव साठवून पिण्याजोगे पाणी मिळवण्याचे प्रयोग अहमदाबादच्या आयआयएममधील गिरजा शरण यांनी केले आहेत. तिथे हवे असलेले पाणी छपरावर जमते. गोठ्यात नको असलेले पाणी त्याच कारणाने छपराखाली जमते.

पावसाळ्याचा घाम आणि हिवाळ्याचा घाम

दोन्ही ऋतूंत पत्र्याला पाणी सुटते, पण वाफेचा उगम वेगळा असतो. पावसाळ्यात आकाश झाकलेले असते आणि ढग उष्णता परत पाठवतात, त्यामुळे रात्रीच्या प्रारणाने पत्रा फारसा गारठत नाही. त्याला गार करतो तो पाऊस. सर आली की पत्रा २४-२५ अंशांवर येतो. आत जनावरांचा श्वास, ओले शेण, शिजणारा भात, दोरीवर वाळत घातलेले कपडे. बंद खोलीतली हवा २८ अंश आणि ९० टक्क्यांवर असेल, तर तिचा दवबिंदू २६ च्या वर असतो आणि पत्रा घामेजतो. वाफ आतली असल्याने इथे खेळती हवा उपयोगी पडते.

हिवाळ्यात पहाटेची बाहेरची हवाच काठोकाठ भरलेली असते. खिडक्या उघडल्या तर तीच आत येऊन थंड पत्र्याला लागते. अशा वेळी वायुवीजन वाढवून घाम थांबत नाही. पत्रा आणि आतली हवा यांच्यामध्ये काहीतरी आडवे यावे लागते. हा भेद ध्यानात न घेता ‘हवा खेळती ठेवा’ असा सरसकट सल्ला दिला जातो. वर्षातले काही महिने तो बरोबर असतो, बाकीच्या वेळी अपुरा.

वाफेची दिशा

वाफ जिकडे जास्त तिकडून कमी असेल तिकडे जाते. थंड देशांत हिवाळ्यात घर आतून उबदार आणि ओलसर असते, बाहेर कोरडी थंडी असते. वाफ आतून बाहेर जाते, म्हणून तिथे बाष्परोधक पडदा आतल्या बाजूला लावतात. युरोप-अमेरिकेतील थंड भागांसाठी लिहिलेल्या सूचना हीच रीत सांगतात आणि त्या जशाच्या तशा किनाऱ्यावर आणल्या की उलटे घडते. इथे वातानुकूलित खोली २४ अंशांवर असते आणि बाहेरचा दवबिंदू २६ वर. वाफ बाहेरून आत शिरते. पडदा आत असेल तर ती रोधक थर ओलांडून थंड पडद्याच्या पाठीशी येते आणि तिथेच पाणी होते. भिंतीत, दिसणार नाही अशा जागी. म्हणून दमट प्रदेशातील वातानुकूलित इमारतीत बाष्परोधक बाहेरच्या अंगाला असावा आणि आतला थर श्वास घेणारा असावा. उघड्या गोठ्यात किंवा पंख्यावर चालणाऱ्या घरात आत-बाहेर फरक नगण्य असतो, तिथे पडद्याच्या बाजूपेक्षा त्याचे सांधे महत्त्वाचे.

पांढरा रंग

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे छपराला वरून पांढरा परावर्तक रंग. ताजा पांढरा रंग उन्हाचा सुमारे पाऊण हिस्सा परतवतो आणि पत्र्याचे तापमान दुपारी पंधरा-वीस अंशांनी उतरू शकते. आलेली उष्णता अडवण्यापेक्षा ती येऊच न देणे केव्हाही बरे. नुसत्या जस्ताच्या पत्र्यापुढे रंगाला आणखी एक फायदा असतो. उघडा धातू उष्णता शोषतो, पण प्रारणाने ती सोडताना कंजूष असतो. रंगीत पृष्ठभाग ती सढळ हाताने सोडतो.

मर्यादा याच गुणातून निघते. जो पृष्ठभाग दिवसा चांगले प्रारण करतो, तो रात्रीही करतो. पांढरा रंगवलेला पत्रा हिवाळ्याच्या पहाटे उघड्या पत्र्यापेक्षा अधिक थंड होतो आणि खाली जास्त घाम सुटू शकतो. उष्म्यावरचा उपाय दवाला निमंत्रण ठरतो, म्हणून रंगाबरोबर खालच्या थराचा विचार करावा लागतो. दुसरी मर्यादा शेवाळाची. पावसाळ्यात पांढऱ्या छपरावर काळपट बुरा चढतो आणि परावर्तन घटते. दिवाळीनंतर छप्पर घासून धुतले, तर मार्च ते मे या खऱ्या तापाच्या महिन्यांत ते पुन्हा कामाला येते.

चकचकीत पापुद्रा

अॅल्युमिनियमचा चकचकीत पापुद्रा प्रारण अडवतो. त्याची प्रारणशीलता पाच टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे तापला तरी तो खाली फार थोडी उष्णता टाकतो. वर सांगितलेला सव्वादोनशे वॅटांचा ओघ अशा पापुद्र्याने दहा-बारा वॅटांवर येतो. अट एकच, त्याच्या एका बाजूला मोकळी हवा हवी. पत्रा आणि आतले पीव्हीसी किंवा प्लायचे छत यांच्यात पापुद्रा दाबून बसवला, तर वहन सुरू होते आणि चकचकीतपणाला अर्थ उरत नाही. बाजारात मिळणारी बुडबुड्यांची चंदेरी गुंडाळी पुष्कळ ठिकाणी नेमकी अशीच चिकटवलेली दिसते. तिच्यातल्या बुडबुड्यांची जाडी काही मिलिमीटर, त्यामुळे वहनाला तिचा विरोध अल्प असतो. तिचा खरा गुण हवेच्या पोकळीतच दिसतो.

पत्र्याखाली दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडून पापुद्रा ताणला की दवाचाही बंदोबस्त होतो. पापुद्रा आतल्या हवेच्या तापमानाजवळ राहतो, त्यामुळे खालून त्याला घाम येत नाही. वर पत्र्याला जो घाम येईल तो पापुद्र्यावर पडतो. म्हणून पापुद्र्यालाही छपराएवढाच उतार हवा आणि त्याचे खालचे टोक वळचणीबाहेर काढलेले हवे. मध्ये झोळ पडला तर तिथे पाण्याचे पोट सुटते. चकचकीत बाजू खाली असणे चांगले, कारण वरच्या अंगावर धूळ साठते आणि धुळीने झाकलेला पापुद्रा साध्या कागदासारखा वागतो.

जाड थर

रोधन करणारी वस्तू खरे तर हवा असते. ग्लासवूल, थर्माकोल किंवा पीयूएफ (पॉलियुरेथेनचा फेस) या सर्वांत हवा किंवा वायू लहान लहान कोठड्यांत कोंडलेला असतो आणि तो हलू न शकल्याने उष्णता पुढे सरकत नाही. पन्नास मिलिमीटर ग्लासवूलइतका वहनविरोध पोलादातून मिळवायचा, तर त्याची जाडी साठ मीटरांवर जाईल. या थरांना शत्रू एकच, पाणी. पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक आहे. ग्लासवूल भिजले की ते जड होऊन लोंबते, वाळायला आठवडे घेते आणि तोवर पत्र्याला ओला पोटीस बांधल्यासारखे होते.

थर्माकोल पाणी फारसे पीत नाही आणि स्वस्त आहे. पण ७५-८० अंशांपुढे तो आक्रसतो, म्हणून तापत्या पत्र्याला थेट चिकटवणे योग्य नाही. उंदीर आणि मुंग्या त्यात घरे करतात. तो पेटतो आणि त्याचा धूर घातक असतो. चुलीच्या वर तो कधीच लावू नये. पीयूएफ सँडविच पॅनेलमध्ये दोन पत्र्यांच्या मध्ये फेस भरलेला असतो. जाडीच्या मानाने त्याचे रोधन सर्वांत चांगले आणि पत्र्यांमुळे वाफही अडते, मात्र तोही ज्वलनशील आहे. पॅनेलची कमजोर जागा म्हणजे सांधा. सांधे नीट बंद केले नाहीत, तर आतल्या थंड कडेवर पाणी धरते. फवारलेला बंद-कोशी फेस पत्र्याला सलग चिकटतो आणि सांधाच राहत नाही, पण पुढे पत्रा गंजला की बदलणे अवघड आणि भोक कुठे आहे ते कळतही नाही.

येथे एक उलटी गोष्ट नमूद करायला हवी. पत्र्याखाली रोधक लावला की आतली ऊब पत्र्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून रात्री पत्रा आधीपेक्षाही थंड होतो. रोधकाच्या सांध्यातून थोडी वाफ वर गेली, तरी ती तिथे हमखास पाणी होते. अर्धवट लावलेला थर म्हणूनच उघड्या पत्र्यापेक्षा वाईट ठरू शकतो. उघड्या पत्र्याचा घाम निदान दिसतो आणि दुपारी वाळतो.

झाप आणि पेंढा

उन्हाळ्यात पत्र्यावर नारळाची झापे किंवा भाताचा पेंढा पसरण्याची रीत शास्त्राला धरून आहे. ऊन धातूपर्यंत पोहोचतच नाही, आणि झापांखालून वारा फिरतो. शिवाय वस्तू घरची. ती मृगाआधी काढावी लागते हेही तितकेच खरे. भिजलेला पालापाचोळा कुजताना आम्ल सोडतो, जस्त खातो आणि पन्हळी तुंबवतो. पेंढा छपराखाली माळ्यावर रचणे हा दुसरा प्रकार. त्याने रोधन मिळते, पण पहाटेचे थेंब त्यावर पडले की पेंढा बुरसतो आणि तोच पुढे गव्हाणीत जातो. बुरसटलेला चारा जनावराला बाधतो.

गोठा

गाईचा उष्माताण मोजण्यासाठी तापमान आणि आर्द्रता एकत्र करणारा निर्देशांक वापरतात. तो ७२ च्या वर गेला की दुधाळ संकरित गाईला त्रास सुरू होतो असे मानले जाते. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला तो ८३ च्या आसपास येतो, म्हणजे किनाऱ्यावर सावलीतही मर्यादा ओलांडलेली असते. दमट हवेत घाम आणि श्वास यांतून होणारे बाष्पीभवन मंदावते. अशा जनावराच्या डोक्यावर तापलेल्या पत्र्याचे प्रारण पडणे हा निव्वळ जादा भार होय आणि तो टाळता येतो.

गोठ्यात जाड रोधनापेक्षा उंची आणि मोकळ्या बाजू अधिक कामाच्या. वळचण तीन मीटरांवर, आढ्याला सलग फट आणि तिच्यावर पावसाची टोपी असेल, तर तापलेली हवा आणि वाफ स्वतःच वर निघून जातात. एक मोठे जनावर दिवसभरात कित्येक लिटर पाणी श्वास आणि त्वचेवाटे हवेत सोडते. ते बाहेर पडण्याची वाट हीच. त्याखाली उतरता पापुद्रा किंवा धुता येणारे पॅनेल पुरे. उघडे ग्लासवूल गोठ्यात नको. त्यात धूळ आणि अमोनिया साठतो, चिमण्या ते ओढून नेतात. शेण-मुताचा अमोनिया जस्त आणि अॅल्युमिनियम दोन्हींना खातो, म्हणून रोज धुतलेली जमीन ही छपराचीही निगा ठरते.

राहते घर

घरात माळा हा सर्वांत जुना रोधक. पत्रा आणि छत यांच्यामधली पोकळी दोन्ही टोकांच्या जाळ्यांनी वाहती ठेवली आणि छतावर ग्लासवूल अंथरले, तर प्रारणही अडते आणि दवही. वातानुकूलन असलेल्या खोलीत मात्र हीच मोकळी पोकळी अडचणीची ठरते. तिच्यातली दमट हवा छताच्या गार पाठीवर पाणी सोडते आणि जिप्समच्या फळ्यांवर तपकिरी डाग उमटतात. अशा एका खोलीसाठी छताच्या वरच्या अंगाला सलग, सांधे बंद केलेला बाष्परोधक हवा. संपूर्ण घराचा माळा वाहता आणि एका खोलीचे छत मात्र डब्यासारखे बंद, अशी ही रचना होते.

उष्णतारोधनाकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नये. जुलैत बाहेरची आर्द्रताच ९० टक्क्यांवर असते. कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर तेव्हा बुरा येणारच. तो हवा कोरडी केल्याशिवाय जात नाही. धाडधाड पावसाचा आवाज मात्र जाड थराने निश्चित कमी होतो आणि पत्र्याच्या घरात झोपणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक असते.

गंज

पत्र्याचे आयुष्य तो दिवसातले किती तास ओला राहतो यावर ठरते. समुद्राची खारी हवा त्या ओलीला अधिक तिखट करते. नव्या पत्र्यांची चवड ओली राहिली, तर महिन्याभरात त्यावर जस्ताचा पांढरा भुगा दिसतो, कारण दोन पत्र्यांमधले पाणी वाळू शकत नाही. पत्रा आणि ओला रोधक यांच्यात नेमके हेच घडते, फक्त ते दिसत नाही. पंचावन्न टक्के अॅल्युमिनियम असलेल्या मिश्र मुलाम्याचे पत्रे खाऱ्या हवेत साध्या जस्ताच्या पत्र्यांपेक्षा जास्त टिकतात, पण अमोनियाशी त्यांचेही जमत नाही. गंज बहुधा पर्लिनच्या वरच्या कडेला आणि स्क्रूच्या रबरी वॉशरखाली सुरू होतो, म्हणजे जिथे पहाटेचे थेंब अडतात तिथेच. म्हणून रोधक थराची वळचणीकडची एक पट्टी खिळ्यांऐवजी स्क्रूंनी बसवावी. पावसाळा संपल्यावर ती उतरवून त्या कडेवरून बोट फिरवले की लाल भुगा लागतो की नाही ते कळते.